चिकलठाणा ते बिरसी, व्हाया हैदराबाद

महाराष्ट्राच्या नकाशावर पट्टीचे एक टोक छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर ठेवा आणि दुसरे राज्याच्या पार पूर्वेला, गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर. रेषा ओढली की ती देऊळगाव राजाला शिवून मेहकरच्या थोडी उत्तरेने जाते, कारंजा लाड उजव्या हाताला ठेवते, वर्ध्याच्या वरून सरकते आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून पुढे बिरसीला टेकते. लांबी ५४० किलोमीटर. दोन पंख्यांचे एटीआर विमान एवढे अंतर दीड तासाच्या आत कापते. मात्र मी गेलो तो हवेतून साडेनऊशे किलोमीटर, आणि तेही हैदराबादला उतरून. चिकलठाण्याहून बिरसीला थेट विमान नाही. राज्यातले हे दोन लहान विमानतळ एकमेकांपासून किती दूर आहेत, या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरे आहेत. एक किलोमीटरमध्ये, दुसरे तासांत. आणि दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिले उत्तर कागदावर निघते. चिकलठाणा १९.८६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.४० अंश पूर्व रेखांशावर आहे, बिरसी २१.५३ आणि ८०.२९ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून ध्रुवाकडे आकसत जातो, आपल्या विसाव्या अक्षांशाच्या पट्ट्यात तो १०४ किलोमीटरचा उरतो. म्हणजे उत्तरेकडे १८५ किलोमीटर आणि पूर्वेकडे ५०९. हे झाले भुज आणि कोटी. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की कर्ण निघतो ५४१. शाळेतले गणित पुरते.

या गणिताला आमच्या भागात जुनी परंपराही आहे. संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे निघाले की पाटणादेवीचा परिसर लागतो. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, काळ इसवी सन १२०७. खुद्द भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने सांगितला आहे आणि तो काढायची रीतही: एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिणेला असलेली दोन गावे घ्यायची, त्यांच्यातले अंतर आणि अक्षांशांचा फरक मोजायचा आणि त्रैराशिक मांडायचे. पाचशे-सहाशे किलोमीटरच्या आत जमीन सपाट धरली तरी उत्तर फारसे चुकत नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को असा पल्ला असला की मात्र पृथ्वीची गोलाई मोजावीच लागते. त्या दोन शहरांतली सर्वांत जवळची वाट नकाशावर पार उत्तरेला, आर्क्टिकच्या दिशेने वाकते, ती त्यामुळेच.

दुसरे उत्तर कागदावर निघत नाही. त्यासाठी निघावे लागते.

मी निघालो २०२४ च्या जानेवारीत. गोंदियात नातेवाइकांकडे कार्य होते, आणि आदल्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, हैदराबाद ते गोंदिया विमान सुरू झाले होते. चिकलठाण्याहून हैदराबादला विमान होतेच. दोन्ही जोडून पाहायचा मोह झाला.

चिकलठाणा विमानतळ शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची ५८२ मीटर, पूर्व-पश्चिम अशी एकच धावपट्टी, लांबी २८३५ मीटर. वेरूळ-अजिंठ्यासाठी येणारे परदेशी पाहुणे, वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतले अधिकारी, मुंबईला मंत्रालयात किंवा दवाखान्यात निघालेले लोक, अशी इथली गर्दी. शहरातून पोचायला अर्धा तास पुरतो. पण विमान सुटायच्या तासभर आधी चेक-इनचे काउंटर बंद होते, त्यामुळे शहाणा माणूस दीड तास आधी पोचतो. विमानाने जमीन सोडण्यापूर्वीच दोन तास खर्ची पडलेले असतात.

तिकिटावरच्या वेळेतही एक गोम असते. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून दुसऱ्या गावी ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ वेळापत्रकात धरतात. चिकलठाणा ते मुंबई हे अंतर २८० किलोमीटर. जेट विमान पूर्ण वेगाने, ताशी ८३० किलोमीटरने गेले तर वीस मिनिटांचे काम. तरी वेळापत्रक तासाभराचे असते. कारण एवढ्या छोट्या पल्ल्यावर विमान पूर्ण वेगात थोडाच वेळ असते. चढण संपते न संपते तोच उतरण लागते. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला नऊशेहून अधिक विमाने चढ-उतार करतात, मग आपले विमान वर घिरट्या घालत थांबते. म्हणून छोट्या पल्ल्यावर जेट आणि पंख्याचे विमान यांच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांचाच फरक उरतो. एटीआर ताशी पाचशेच्या आसपास उडते, इंधन कमी पिते, आणि छोट्या गावांना तेच परवडते.

प्रवाशाच्या दृष्टीने एटीआरचे आणखी एक सुख आहे. त्याचे पंख छपराच्या उंचीवर असतात, त्यामुळे खिडकी कुठलीही मिळो, खालची जमीन दिसते. चढायचे मागच्या दाराने, सामान पुढच्या कप्प्यात, आसने दोन-दोनच्या रांगेत. आणि ते वीस हजार फुटांच्या आतबाहेर उडत असल्याने जमीन फार लांब जात नाही.

चिकलठाणा ते हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंत सरळ रेषेने ४३३ किलोमीटर होतात. ही रेषा जणू मराठवाड्याचा भूगोल शिकवण्यासाठी आखली आहे. आधी जालन्याच्या दक्षिणेची काळी रानं, मग गोदावरी. जायकवाडीच्या खाली आलेली ही गोदावरी जानेवारीत रुंद वाळू आणि बंधाऱ्यांमागे तुंबलेले पाणी अशा रूपात दिसते. त्यानंतर माजलगावचे धरण, उसाचे हिरवे चौकोन, परळीच्या औष्णिक केंद्राची धुराडी, मग बालाघाटचे पठार, उदगीर, आणि कर्नाटकात शिरल्यावर बीदर. परळीपासून उदगीर, बीदर, विकाराबाद असा रेल्वेचा मार्गही याच दिशेने जातो.

हा सगळा निजामाचा मुलूख होता. मनमाडहून औरंगाबाद (आजचे संभाजीनगर), जालना, परभणीमार्गे हैदराबादला जाणारी रेल्वे १९०० साली निजामाच्याच कंपनीने पूर्ण केली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी विदर्भही मध्य प्रदेशातून निघून याच राज्यात आला. मराठी बोलणारे दोन प्रदेश एका दिवशी एका राज्यात आले. पण २०२४ मध्ये मराठवाड्याच्या विमानतळावरून विदर्भाच्या टोकाला जायचे तर आधी राज्याबाहेर पडून जुन्या राजधानीत उतरावे लागत होते. नांदेडचेही तेच. ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता.

यात कुणाचे कारस्थान नाही, विमान कंपन्यांच्या धंद्याची ती रीतच आहे. सत्तर-ऐंशी आसनांचे विमान रोज भरायचे तर संभाजीनगरहून फक्त गोंदियाला जाणारे लोक पुरत नाहीत. पण संभाजीनगरहून हैदराबाद, आणि हैदराबादमार्गे तिरुपती, विशाखापट्टणम, चेन्नई, गोंदिया असे सगळे प्रवासी एकत्र केले की विमान भरते. बैलगाडीच्या चाकासारखी रचना असते ही: आरे सगळे मधल्या तुंब्यात येऊन मिळतात, आरा आऱ्याला भिडत नाही. चिकलठाणा एका आऱ्याच्या टोकाला, बिरसी दुसऱ्याच्या.

पूर्वी हे असे नव्हते. इंडियन एअरलाइन्सच्या काळात एकच विमान बसगाडीसारखे गावोगावी थांबत जाई. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असा मार्ग पर्यटकांच्या सोयीचा होता. याच मार्गावरचे ४९१ क्रमांकाचे विमान २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून मुंबईकडे निघताना धावपट्टीवरून उशिरा उचलले गेले आणि धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानातल्या ११८ जणांपैकी ५५ जण गेले. संभाजीनगरच्या जुन्या लोकांना तो उन्हाळा अजून आठवतो.

आणि नागपूरची गोष्ट तर आणखी जुनी. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या चार शहरांतून संध्याकाळनंतर डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. सोनेगावच्या धावपट्टीवर टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरात परत. देशाच्या मध्यावर असल्यामुळे नागपूर त्या चाकाचा तुंबा झाले होते. १९७० च्या दशकात ती सेवा बंद पडली. चिकलठाणा ते बिरसी ही सरळ रेषा याच नागपूरवरून जाते. चिकलठाण्याहून नागपूर ४०४ किलोमीटर आणि तिथून बिरसी १३७. बेरीज पुन्हा ५४१. म्हणजे नागपूरला विमान बदलून गेलो असतो तर एक किलोमीटरचाही वळसा पडला नसता. हैदराबादमार्गे मात्र ४३३ आणि ५१५ मिळून ९४८ किलोमीटर भरतात, सरळ रेषेच्या पावणेदोनपट.

मी त्या दिवशी हैदराबादला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशीचे गोंदियाचे विमान घेतले. शमशाबादचा विमानतळ २००८ च्या मार्चपासून चालू आहे, तो येण्यापूर्वी विमाने शहरातच बेगमपेटला उतरत. नवा विमानतळ शहरापासून लांब, बाहेरच्या वळणरस्त्याला लागून. मुक्काम करायचा तर शहरात जाणे-येणे यातच अर्धा दिवस जातो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा टप्पा उत्तरेकडचा, थोडा पूर्वेला झुकलेला. करीमनगरच्या बाजूचे तलाव मागे पडले की मंचेरियलच्या अलीकडे गोदावरी पुन्हा भेटते. आदल्या दिवशी अंबड-गेवराईच्या मध्ये पाहिलेली हीच नदी. मधल्या वाटेत पूर्णा, मांजरा अशा नद्या पोटात घेऊन ती इथे इतकी पसरते की ओळख पटायला वेळ लागतो. दोन दिवसांत एकच नदी दोन ठिकाणी ओलांडणे हे वळशाच्या प्रवासातच घडते. सरळ गेलो असतो तर गोदावरी लागलीच नसती. त्यानंतर चंद्रपूरचा जंगलपट्टा डावीकडे राहतो आणि ब्रह्मपुरी-वडसाच्या दरम्यान वैनगंगा दिसते. इथून जमिनीचा रंगच बदलतो. मराठवाड्याची काळी रानं संपून धानाच्या कापलेल्या बांध्या, आणि त्यांच्यामध्ये जागोजागी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचे हे मालगुजारी तलाव कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधले. नवेगावबांधचा मोठा जलाशय सर्वांत शेवटी, मग विमान उतरायला लागते.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिच्यावर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे मोठे विमान दिवसाला एखाद-दुसरे असले तरी शिकाऊ छोटी विमाने सारखी वर-खाली करत असतात. प्रवाशांची इमारत छोटी, सामान चटकन हाती येते, आणि बाहेर आले की समोर शेते. गोंदिया शहर बारा-पंधरा किलोमीटरवर. इथला माणूस शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटला जातो तसा सहज नागपूरला जातो. संभाजीनगरहून विमानाने आलो म्हटल्यावर लोकांनी पहिला प्रश्न विचारला, “नागपूरहून का नाही आलात?”

गोंदियात संध्याकाळ लवकर होते. हा भास नव्हे. दोन्ही गावांच्या रेखांशांत जवळजवळ पाच अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणून सूर्य इथे संभाजीनगरच्या वीस मिनिटे आधी चालतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीत सहाच्या आतच दिवेलागण झालेली पाहून मराठवाड्याच्या माणसाला हे लगेच जाणवते. सकाळी त्याची भरपाई होते. धुके विरळ होताना कापलेल्या धानशेतात सारस क्रौंचांची जोडी चरताना दिसते. महाराष्ट्रात हा उंच, लाल डोक्याचा पक्षी पाहायचा तर मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच यावे लागते.

परत येताना सडक धरली. गोंदियाहून कोहमारा, साकोली, भंडारा करत नागपूर हे सुमारे १७० किलोमीटर, तीन ते साडेतीन तास. पुढे शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये. वर्धा, कारंजा लाड, मालेगाव जहांगीर, मेहकर, सिंदखेड राजा, जालना ही नावे एकामागून एक येत गेली तेव्हा ध्यानात आले की पट्टीने ओढलेली ती रेषा कुणीतरी आधीच जमिनीवर आखून ठेवली आहे. कमाल वेग ताशी १२०, तेव्हाचा टोल मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे. संभाजीनगरला सावंगीला खाली उतरेपर्यंत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर होतात, पाच-साडेपाच तासांत.

या रस्त्याची एक बाजू विसरून चालत नाही. सरळ, एकसुरी, वळण नसलेल्या सिमेंटच्या पट्टीवर डोळे उघडे असून भान हरपते, त्याला रस्ता-संमोहन म्हणतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. दर दीड-दोन तासांनी थांबायचे, रात्री चालवायचे नाही, टायर आधी तपासून घ्यायचे. हे थांबे हिशेबात धरूनच समृद्धीचा वेळ सांगावा.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवू. विमानाची जोडणी चांगली लागली, मुक्काम करावा लागला नाही, असे धरले तरी घर ते विमानतळ अर्धा तास, तिथे दीड तास, पहिले उड्डाण सव्वा तासाहून थोडे जास्त, हैदराबादला विमान बदलायला किमान दोन तास, दुसरे उड्डाण दीड तासाच्या आसपास, बिरसीहून गावात अर्धा-पाऊण तास. एकूण साडेसात. सडकेने थांबे धरून साडेआठ ते नऊ. ५४० किलोमीटरच्या रेषेवर मोजला तर विमानाचा वेग ताशी ७२ किलोमीटर पडतो आणि मोटारीचा साठ-चौसष्ट. हवेत ताशी पाचशेने उडणारे यंत्र घरापासून घरापर्यंत मोजले की मोटारीच्या थोडेच पुढे राहते. आणि जोडणी हुकली, मुक्काम करावा लागला, की ते सडकेच्या मागे पडते.

म्हणून माझ्या लेखी अंतर दोन गावांच्या मध्ये असते, पण वेळ तिसऱ्या गावाच्या हाती असतो. तिकीट काढताना आपण सुटायचे आणि पोचायचे ठिकाण पाहतो. बघायला हवे ते विमान बदलायचे ठिकाण. ते सरळ रेषेवर आहे की रेषेपासून दूर? तिथे दोन तास जाणार की एक रात्र? लहान गावांची विमाने हंगामागणिक येतात आणि जातात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी देशभराचे वेळापत्रक पालटते, जोडण्याही पालटतात. गेल्या वर्षी कुणी सहज गेला म्हणून यंदा आपणही जाऊ, असे धरू नये.

संभाजीनगरच्या प्रवाशासाठी ढोबळ आडाखा मांडता येतो. दिल्ली सरळ रेषेने ९८० किलोमीटर, थेट विमानाने दोन तास, रेल्वेने वीस तासांहून अधिक; तिथे विमानाला तोड नाही. बेंगळुरू पावणेआठशे किलोमीटर. थेट विमान असेल तर तेच घ्यावे. मुंबईचे २८० किलोमीटर वादात पडतात. रेल्वेने ते ३७५ होतात आणि सहा-सात तास लागतात, पण गाडी थेट दादरला उतरवते. अंधेरीत काम असेल तर विमान, दादरच्या खाली असेल तर रेल्वे. नागपूर आणि त्यापलीकडचा विदर्भ मात्र थेट विमान नसेल त्या हंगामात सडकेचा.

बिरसीला थेट विमान येईल का, असे गोंदियात मला विचारले गेले. किलोमीटर त्याच्या आड येत नाहीत. ५४० किलोमीटर हा एटीआरचा अगदी हुकमी पल्ला आहे. रोज साठ-सत्तर माणसांना संभाजीनगरहून नागपूर-गोंदियाकडे किंवा तिकडून इकडे जावेसे वाटले पाहिजे, एवढीच अट आहे. ती माणसे आज समृद्धीवर गाडी हाकत आहेत. त्यांना पुन्हा विमानाकडे वळवायचे तर सोनेगावला जोडणी लागली पाहिजे, आणि ती दोन तासांच्या आत.